मीटर कमी की फाइल जाड?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. घरात सहा माणसं: त्या, नवरा, तीन मुलं आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई. आताच्या छोट्या गाडीत सगळे मावत नाहीत, म्हणून वापरलेली मिनीव्हॅन घ्यायचं ठरलंय. दोन गाड्या नजरेत आहेत. पहिली नवऱ्याच्या मावसभावाची. ११ वर्षं जुनी, पण मीटरवर फक्त ६२,००० किलोमीटर, एकच मालक, बाहेरून चकाचक. सर्व्हिसची बिलं मात्र ‘घरात कुठेतरी असतील’. दुसरी अनोळखी माणसाची. ७ वर्षं जुनी, १,४५,००० किलोमीटर पळालेली, मागच्या दारावर पोचा आलेला. पण पहिल्या सर्व्हिसपासूनचं प्रत्येक बिल एका फाइलमध्ये लावलेलं. नवऱ्याचा कल पहिलीकडे आहे: ‘कंपनी नावाजलेली, माणूस घरचा, गाडी कमी पळालेली, आणखी काय हवं?’ ताईंचं मन धजत नाही. मेकॅनिकला दाखवू या म्हटलं तर नात्यात वाईटपणा येईल, ही भीती. त्या विचारतात, ‘मला यंत्रातलं काही कळत नाही. गाडी भरवशाची आहे की नाही, हे मी ओळखायचं कसं?’

ताई,

यंत्रातलं काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंय, पण पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुमच्याच नजरेने टिपली आहे. तुमच्या यजमानांनी मीटर पाहिला, तुम्ही फाइल पाहिलीत. मी तुमच्या जागी असते तर माझीही नजर त्या फाइलवरच अडकली असती.

आधी त्या ६२,००० बद्दल बोलू, कारण तुमच्या घरातला सगळा वाद त्या एका आकड्याभोवती फिरतोय. ११ वर्षांत ६२,००० म्हणजे दिवसाला जेमतेम १५ किलोमीटर. शाळा, बाजार, दवाखाना, परत घर. ऐकायला हे आरामाचं आयुष्य वाटतं, पण इंजिनाच्या दृष्टीने ते खडतर असतं. इंजिन आणि त्यातलं ऑइल पूर्ण तापायला वेळ लागतो. तापायच्या आतच गाडी बंद झाली, तर आत साचलेली वाफ आणि थोडं न जळलेलं इंधन ऑइलमध्येच राहतं. रोज असं झालं आणि ऑइल वेळेवर बदललं नाही, की त्याचा चिखल होतो. म्हणून तर गाडीच्या पुस्तिकेत ऑइल बदलण्यासाठी किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे दिलेले असतात, आणि पुढे लिहिलेलं असतं, जे आधी येईल ते. बहुतेक लोक पहिला आकडा पाळतात आणि दुसरा विसरतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्हीही ओळखीतून सात जणांची एक गाडी घेतली होती. बघायला गेलो तेव्हा ती आधीच सुरू करून ठेवलेली. ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली,’ असं मालक म्हणाले आणि आम्हाला त्यात आपुलकी दिसली. गाडी घरी आल्यावर पहिल्या थंड सकाळी चावी फिरवली, तर इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड. दहाएक सेकंदांत थांबली. पुढच्या आठवड्यात ती अर्धा मिनिट टिकू लागली. मेकॅनिकने बोनेट उघडलं, ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं आणि एक शब्दही न बोलता माझ्या हातावर ठेवलं. आतून काळाकुट्ट थर होता. मी बोट फिरवलं, तर उन्हात मऊ झालेल्या डांबरासारखा चिकटला. इंजिनाचे भाग एका तालात फिरवणाऱ्या टायमिंगच्या साखळीला ताण देणाऱ्या भागापर्यंत ऑइल पोचतच नव्हतं. ती गाडी ५०,००० किलोमीटरही पळालेली नव्हती. मालकाने फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तुमच्या भाऊजींबद्दल मला हेच म्हणायचंय. माणूस सच्चा असणं आणि त्याची गाडी सुस्थितीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरचा माणूस मुद्दाम खोटं बोलणार नाही, हे मान्य. पण जे त्याला ठाऊकच नाही, ते तो सांगणार कसं? शिवाय ११ वर्षांचं रबर गाडी उभी असली तरी ११ वर्षांचंच होतं. रेडिएटरचे पाइप, इंजिनाची सीलं, सस्पेन्शनचे बुश, पट्टे, टायर, सगळं. त्या साखळीऐवजी रबरी टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल, तर हा मुद्दा फार महत्त्वाचा. हा बेल्ट साधारण ९०,००० ते १,६०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा ठरावीक वर्षांनी बदलायला सांगतात, गाडीगाडीनुसार आकडा वेगळा. किलोमीटरच्या हिशोबाने पहिल्या गाडीचा बेल्ट अजून बदलायचा नाही, वर्षांच्या हिशोबाने तो बदलायची वेळ बहुधा उलटून गेली आहे. आणि अनेक इंजिनांत चालत्या गाडीत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. मग दुरुस्ती बेल्टपुरती राहत नाही, इंजिन उघडावं लागतं. भाऊजींना इतकंच विचारा: बेल्ट बदललाय का, केव्हा, बिल आहे का? बिल नसेल तर बदललेला नाही असं धरूनच हिशोब करा.

दुसरी गाडी दिवसाला साधारण ५७ किलोमीटर चालली आहे. बहुधा मोठ्या रस्त्यावर, एका वेगात, इंजिन पूर्ण तापवून. असं चालणं इंजिनाला मानवतं. म्हणून १,४५,००० चा आकडा पाहून दचकू नका. पण ‘बहुधा’ हा शब्दही सोडू नका. ती भाड्याने चालत असेल, दिवसभर माणसांची चढउतार होत असेल, तर तेवढ्याच किलोमीटरमध्ये दारं, सीट आणि गिअरबॉक्स कितीतरी जास्त झिजतात. ते फाइलमध्येच कळेल. बिलं नुसती मोजू नका, वाचा. प्रत्येक बिलावर तारीख आणि मीटरचा आकडा असतो. तो क्रमाने वाढत गेलाय का ते बघा. मध्येच आकडा मागे गेला किंवा दोन वर्षं काहीच नाही, तर विचारा. एकच तक्रार तीन-तीन बिलांवर दिसली, उदाहरणार्थ ‘कूलंट भरलं’, ‘कूलंट भरलं’, ‘कूलंट भरलं’, तर समजा की इंजिन गार ठेवणाऱ्या या द्रवाची गळती कुणी शोधलीच नाही, फक्त भरत राहिले.

मीटर मागे फिरवल्याची शंका पहिल्या गाडीबाबत तुम्ही घेणार नाही आणि घेऊही नये. पण एकदा सहज ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कव्हर आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा. कमी चाललेल्या गाडीत हे तिन्ही अजून धड असतात.

कंपनीच्या नावाबद्दल तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच चूक नाही. काही कंपन्यांच्या गाड्या सरासरीने खरंच जास्त टिकतात. पण सरासरी गाडी कुणीच विकत घेत नाही, आपण एक विशिष्ट गाडी घेतो. होंडाचं नाव टिकाऊपणासाठी घेतलं जातं, तरी २००४ मध्ये गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या गिअरच्या अति तापण्यामुळे त्यांना सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि त्यात २००२ ते २००४ ची ओडिसी मिनीव्हॅन होती. टोयोटाने २०१६ मध्ये आठ लाखांहून अधिक सिएना मिनीव्हॅन परत बोलावल्या, कारण विजेवर सरकणारं दार चालत्या गाडीत उघडण्याचा धोका होता. दोन्ही कंपन्या चांगल्याच आहेत. मुद्दा असा की ‘अमुक कंपनी’ एवढं पुरत नाही. कोणतं मॉडेल, कोणत्या वर्षाचं, कोणतं इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स, इतकं नेमकं शोधा. मॉडेल पूर्ण बदलल्यावरच्या पहिल्या वर्षाची गाडी असेल तर जरा जास्त चौकशी करा, नव्या रचनेतल्या चुका त्याच वर्षी बाहेर येतात.

परत बोलावलेल्या गाड्यांचं काम झालंय की नाही, हे गाडीच्या १७ अक्षरी-अंकी ओळख क्रमांकावरून कंपनीकडून कळतं. पुढच्या काचेखाली किंवा दाराच्या चौकटीत तो असतो, आणि कागदावरच्या क्रमांकाशी तो जुळलाच पाहिजे. हे काम टाळू नका, विशेषतः ११ वर्षांच्या गाडीबाबत. टकाटा कंपनीच्या एअरबॅगांचं प्रकरण ठाऊक असेल. त्या फुगवण्यासाठी आत भरलेलं अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमटपणाने वर्षानुवर्षं बिघडत जातं, आणि मग अपघातात एअरबॅग फुगताना धातूचे तुकडे उडतात. अनेक कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्यांत त्या होत्या. अशा दुरुस्त्या सहसा फुकट करून मिळतात. न करता फिरण्यात काहीच शहाणपण नाही.

आता गाडी प्रत्यक्ष बघायची वेळ. जायच्या आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गार लागलं पाहिजे. सुरू करताना खिडकी उघडी ठेवून कान द्या आणि एकाला सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत जातंय. थंडीत पहिल्या मिनिटाला निघणारी पांढरी वाफ मात्र नेहमीची, तिने घाबरू नका. सुरू करण्याआधी ऑइलचं झाकण उघडून आत बघायला विसरू नका. माझ्यासारखा डांबराचा थर नको, आणि दुधाळ कॉफीच्या रंगाचा फेसही नको.

मिनीव्हॅनमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ गिअरबॉक्सला देईन. या गाड्यांचं वजन मुळातच दोन टनांच्या आसपास असतं. त्यात सात माणसं आणि सामान म्हणजे आणखी अर्धा टन. ही सगळी ओढ बऱ्याच मॉडेलांत पुढच्या चाकांवर, इंजिनाशेजारी आडव्या बसवलेल्या गिअरबॉक्सवर येते. तिथलं ऑइल तापतं, आणि तापलेलं ऑइल लवकर म्हातारं होतं. ऑटोमॅटिक असेल तर गाडी उभी असताना ब्रेक दाबून रिव्हर्समध्ये आणि मग ड्राइव्हमध्ये टाका. गिअर लागायला सेकंदभराहून जास्त वेळ लागला, किंवा मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का बसला, तर तिथेच सावध व्हा. ‘या गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, पण विश्वास ठेवू नका. दुसऱ्या गाडीच्या फाइलमध्ये गिअरबॉक्स ऑइल बदलल्याचं बिल सापडलं, तर माझ्या लेखी ते त्या पोच्याहून दहापट मोलाचं.

आणि चालवून बघताना दोघंच जाऊ नका. सगळं घर बसवा. रिकामी मिनीव्हॅन कुणाचीही छान पळते. सहा माणसं बसल्यावर ती चढावर दम खाते का, खड्ड्यात मागून धाडकन आपटते का, उतारावर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं का, हे भरल्या गाडीतच कळतं. अर्धा तास तरी चालवा. तापमानाचा काटा मध्यावर येऊन तिथेच राहिला पाहिजे.

सरकती दारं दहा वेळा उघडा-मिटा. विजेची असतील तर बटनानेही आणि हातानेही. त्या दाराची तार प्रत्येक वेळी वाकते आणि वर्षांनी आतून तुटते, रुळावरचे रोलर झिजतात. हे मुलांकडूनच करून घ्या, ती हौसेने करतील आणि दार कुठे अडतं ते बरोबर सांगतील. मागचा एसी वेगळा असेल तर तो सुरू करून १५ मिनिटं मागच्या रांगेत बसा. त्याचे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात, तिथे गंजून गळतात, आणि पुढे गार हवा येत असल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. तिसऱ्या रांगेचे सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाचा डाग असेल किंवा सीटच्या रुळांवर गंज असेल, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. अशी गाडी फुकट मिळाली तरी नको.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. पहिल्या गाडीचे टायर मूळचेच असतील, तर त्यांवर नक्षी शाबूत दिसेल, पण वय दहाच्या पुढे गेलेलं. तुमच्या मुलांना त्या टायरवर बसवू नका. चारही टायरांचा खर्च किमतीत धरा.

हे सगळं तुम्ही स्वतः करू शकता. पण यानंतरही मेकॅनिक लागतोच, आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याने गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघावी, रंगाची जाडी मोजावी (कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनचा असतो, कुठे अचानक ५००-६०० निघाले तर खाली पुट्टी आहे) आणि गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावावा. त्याला एक गोष्ट आवर्जून बघायला सांगा: गाडीचा संगणक स्वतःच घेतो त्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत का? कुणी काल-परवाच दोषाचे कोड पुसले असतील, तर डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, पण त्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात.

राहिला वाईटपणाचा प्रश्न. ताई, तपासणी मागितल्याने नातं बिघडेल, असं तुम्ही गृहीत धरलंय. न तपासता घेतलेली गाडी तिसऱ्या महिन्यात भर रस्त्यात उभी राहिली, तर काय होईल? तुम्ही भाऊजींना काही बोलणार नाही, पण मनात राहील. त्यांनाही कळेल. प्रत्येक कार्यात तुमच्यामध्ये ती गाडी उभी असेल. त्यापेक्षा आजच सरळ म्हणा, ‘भाऊजी, उद्या काही निघालं तर तुमच्या-आमच्यात शब्द नको, म्हणून एकदा मेकॅनिकला दाखवते. खर्च माझा.’ हे वाक्य तुमच्या यजमानांपेक्षा तुम्ही बोललात तर जास्त सोपं जाईल, असं मला वाटतं. आणि त्यावर त्यांनी नकार दिला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

एक प्रश्न मात्र तुम्ही दोघांनीही विचारलेला दिसत नाही. सहाही जण एकत्र महिन्यातून किती वेळा निघता? एक महिना कॅलेंडरवर खूण करा. दोन-तीनच खुणा झाल्या, तर त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घेणं स्वस्त पडेल, आणि आताची गाडी ठेवता येईल. आठवड्याला तीन-चार असतील, तर मिनीव्हॅन हवीच. दुसरं, जमवलेले सगळे पैसे गाडीत घालू नका. जुनी गाडी पहिल्या वर्षात काही ना काही मागतेच. किमतीच्या दहा ते पंधरा टक्के वेगळे काढूनच भाव बोला. तेवढे उरत नसतील, तर ती गाडी तुमच्या आवाक्यातली नाही, मग मीटरवर काहीही असो.

माझा कौल विचाराल तर दुसरी गाडी. तपासणीत गिअरबॉक्स आणि खालचा पत्रा चांगला निघाला, तर पोच्याकडे दुर्लक्ष करा, किंवा त्याचं कारण सांगून भाव थोडा उतरवा. पहिली गाडी मी एकाच अटीवर घेईन: भाऊजींना बिलं सापडली, त्यांत दर वर्षी ऑइल बदलल्याची नोंद निघाली, आणि बेल्ट, टायर, पाइप यांचा खर्च वजा करून किंमत ठरली. ‘घरात कुठेतरी’ असलेली बिलं शोधायला त्यांना आठवडा द्या. इसार मात्र त्याआधी कुठेच देऊ नका.

आणि कोणतीही गाडी बघायला जाल तेव्हा सासूबाईंना बरोबर न्या. दार उघडून द्या आणि बाजूला उभ्या राहा, हात देऊ नका. पायरी किती उंच आहे, धरायला कडी कुठे आहे, वाकताना डोकं आपटतं का, हे त्यांनाच कळेल. दोनदा चढू-उतरू द्या. दुसऱ्या वेळी त्या गुडघा धरून थांबल्या, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि तिसरी गाडी शोधा.